हँडरॅप : लांबी किती, बांधायचे कसे आणि वासाचं काय करायचं?

उशिरा_आलेला

मंडळी, नमस्कार. पस्तिशी उलटल्यावर बॉक्सिंग शिकायला लागलो, त्याला आता तीन महिने होतील. आतापर्यंत क्लासमधल्या सामाईक पेटीतले रॅप (ग्लव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्या) वापरले. (माहीत आहे, ओरडू नका.) आता स्वतःचे घ्यायचेत आणि डोक्याचा पार भुगा झालाय.

क्लासमधले निम्मे म्हणतात १८० इंची घे, निम्मे म्हणतात १२० पुरे. एकजण म्हणाला, जेलवाले आतले हातमोजे घे, गुंडाळायची कटकटच नको. सुती घ्यावे की ताणणारे? शिवाय मी बांधले की दुसऱ्या राउंडलाच सैल होतात, आणि घट्ट बांधावेत तर बोटांना मुंग्या येतात. सर दाखवतात तेव्हा सगळं कळतं, घरी आल्यावर हात माझा राहत नाही.

आणखी एक. उजवं मनगट गेले दोन आठवडे दुखतंय. हूक (बाजूने वळवून मारायचा ठोसा) मारताना पंचिंग बॅगवर हात थोडा मुरगळला होता. चांगले रॅप घेतले की तेही थांबेल असं वाटतंय.

आळशी कासव

जेलवाले घ्या आणि मोकळे व्हा. वीस सेकंदांत हात आत. बाकीचे रॅप बांधत बसलेले असतात तोवर माझं दोरीवरच्या उड्या मारून झालेलं असतं. चार वर्षं तेच वापरतोय, हात शाबूत आहेत.

डावखुरी

@आळशी कासव, तू बॅगवर मारतोस की बॅगची विचारपूस करतोस, त्यावर आहे ते. ह.घ्या.

जेलवाल्यांचा घोटाळा असा की पेरांवर मऊ गादी मिळते, पण पंजाची हाडं एकमेकांशी बांधली जात नाहीत आणि मनगटाला दोनतीन वेढ्यांच्या वर काही मिळत नाही. शिवाय ते जाड असतात. जो ग्लव्ह रॅपवर बरोबर बसत होता तो यांच्यावर आवळतो. हलक्या व्यायामाला चालतील. पण जो माणूस मनगट दुखतंय म्हणतोय त्याला तरी सुचवू नकोस.

@उशिरा_आलेला, १०८ इंच म्हणजे साधारण पावणेतीन मीटर, १२० म्हणजे तीन, १८० म्हणजे साडेचार. मोठ्या माणसाने डोळे मिटून १८० घ्यावेत. जास्तीची पट्टी मनगटावर संपवता येते, कमी पडलेली आणणार कुठून? १२० मध्ये एकतर बोटांमधले वेढे सोडावे लागतात, नाहीतर मनगटावरचे. हात खूपच लहान असेल किंवा एमएमएचे (मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे) ते बारीक, चार औंसांचे ग्लव्ह्ज घालायचे असतील तर १२० किंवा १०८ ठीक, कारण त्यांत साडेचार मीटरचा गठ्ठा मावतच नाही. हौशी स्पर्धांसाठी एआयबीए या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेच्या नियमपुस्तकात अडीच मीटरपेक्षा कमी नाही आणि साडेचारपेक्षा जास्त नाही असं होतं. म्हणजे १८० इंची हाच वरचा टप्पा.

कापडाबद्दल: शुद्ध सुती पट्टी ताणत नाही. त्यामुळे ती हाताचा आकार धरत नाही आणि मधेच ढिली पडते, पण टिकते भरपूर. थोडं इलॅस्टिक विणलेली असते तिला मेक्सिकन म्हणतात. ती हाताला चिकटून बसते. नवशिक्याला तीच सोपी. फक्त बांधताना रबरासारखी ओढायची नाही. तुमच्या मुंग्यांचं कारण बहुतेक तेच. बांधताना हात थंड असतो, अर्ध्या तासाने तो रक्ताने फुगतो, आणि पूर्ण ताणून बांधलेलं इलॅस्टिक आणखी आवळत जातं.

बादलीवाला

डावखुरीशी सहमत, जेलबद्दल तर दुप्पट सहमत. मी रिंगच्या कोपऱ्यात बादली आणि टॉवेल घेऊन बरीच वर्षं काढली आहेत. पोरांचे हात बांधणं हेच काम होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

बहुतेकांना वाटतं पट्टी म्हणजे गादी. मार लागू नये म्हणून गादी. तसं नाही. गादी ग्लव्हमध्ये असते. पट्टीचं काम मोळीच्या दोरीचं. हातात २७ हाडं आहेत: मनगटात आठ, तळहातात पाच, बोटांत चौदा. सैल मोळी जमिनीवर आपटली की काटक्या एकमेकींवरून सरकतात, एखादी तडकते. करकचून बांधलेली मोळी एका ओंडक्यासारखी पडते. मूठ आपटताना नेमकं हेच हवं असतं. म्हणून पेरांवर सात थर आणि मनगटावर दीड वेढा असा हात बांधलेला दिसला की मी तो सोडायला लावायचो.

आता बांधणं. बोटं ताणून, फाकवून ठेवायची. मूठ वळून कधीच बांधायचं नाही. मूठ वळल्यावर पंजा रुंद होतो, तेवढी जागा आधीच सोडलेली पाहिजे. पट्टीच्या टोकाला असलेला लूप (फासा) अंगठ्यात घाला आणि पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्या. तळव्यावरून नाही. नव्वद टक्के नवशिके इथेच चुकतात. पाठीवरून नेली की मूठ वळताना पट्टी ताणली जाते, तळव्यावरून नेली की मूठ वळताना सैल पडते. दुसऱ्या राउंडला सैल होण्याचं कारण इथे शोधा.

मग मनगटावर तीन वेढे, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवून. सगळे एकाच जागी पडले की दोरी होते आणि काचते. तिथून हाताच्या पाठीवरून तिरकं वर, पेरांभोवती तीन वेढे. मग बोटांमधून: अंगठ्याच्या मुळापासून पाठीवरून तिरकं करंगळी आणि अनामिकेच्या मधून आत, तळव्यातून परत अंगठ्याच्या मुळाशी. तसंच पुढच्या दोन फटींतून. पाठीवर फुल्या दिसायला लागतात. त्यानंतर अंगठ्याला एक वेढा आणि लगेच मनगटावर एक, म्हणजे अंगठा कुलूपबंद. परत एकदा पेरांवर, आणि उरेल ती सगळी मनगटावर.

झाल्यावर मूठ वळा. घट्ट लागली पाहिजे. मूठ उघडा. सैल लागली पाहिजे. उघड्या हातालाही घट्ट लागत असेल तर सोडा आणि परत बांधा. नखं निळसर दिसली तर विचारूच नका, लगेच सोडा.

उशिरा_आलेला

तळव्यावरून! तीन महिने मी तळव्यावरून नेतोय!!

काका, खूप आभार. आत्ता घरी बांधून बघितलं. फरक मूठ वळताक्षणी कळतो. एक शंका: शेवटी वेल्क्रो माझ्याकडे तोंड करून येतो, चिकटतच नाही.

डावखुरी

सुरुवातच उलट्या बाजूने झालेली असते. बऱ्याच पट्ट्यांवर लूपजवळ ‘ही बाजू खाली’ अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात, ती बाजू कातडीला लागली पाहिजे. छापलेलं नसेल तर पहिल्यांदा बरोबर बसल्यावर पेनाने खूण करा.

शिनगार्ड

मी थाई बॉक्सिंगवाला, त्यामुळे थोडा वेगळा सूर. क्लिंचमध्ये, म्हणजे अंगाला भिडून लढताना, समोरच्याची मान धरायची असते, तिथे मनगट वळायला हवं. मनगटावर सहा वेढे चढवले तर हात लाकडासारखा होतो. आमच्याकडे म्हणून मनगटावर कमी आणि पंजावर थोडं जास्त ठेवतात. नुसत्या बॅगच्या दिवशी मीही काकांच्या पद्धतीनेच बांधतो.

अवांतर: थायलंडमध्ये पूर्वी ग्लव्ह नव्हतेच. हाताला सुताची दोरी गुंडाळून लढायचे, त्याला कार्ड चुएक म्हणतात. १९२० च्या दशकात ग्लव्ह आले आणि ते मागे पडलं. शेजारच्या म्यानमारमध्ये लेथवेई अजूनही ग्लव्हशिवाय खेळतात, हातावर फक्त गॉझ आणि चिकटपट्टी.

हाडं_मोजणारा

चर्चा चांगली चाललीये, पण धाग्यातल्या पहिल्या पोस्टच्या शेवटच्या परिच्छेदाकडे कुणी बघितलेलंच दिसत नाही.

@उशिरा_आलेला, मी फिजिओथेरपिस्ट आहे. फोनवरून निदान करत नाही, तरी एक विचारतो. ‘मनगट दुखतंय’ म्हणजे नेमकं कुठे? करंगळीच्या बाजूला? हाताच्या पाठीवर मधोमध? पेरांवर? की अंगठ्याच्या बाजूला? अंगठा वर उचलून ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाकडे, दोन शिरांमध्ये एक खळगा दिसतो. त्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून बघा आणि सांगा.

उशिरा_आलेला

दाबून बघितलं आणि ओरडलोच. खळग्यातच आहे. सूज नाही फारशी. तसं टायपिंग करता येतं, बाटलीचं झाकण फिरवताना मात्र कळ येते.

हाडं_मोजणारा

मग रॅपची खरेदी थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. उद्याच. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. त्याला तडा गेला तर सूज थोडीच येते, माणूस ‘मुरगळलंय’ म्हणून महिनोन् महिने काढतो. त्या हाडाला रक्त येतं ते पुढच्या टोकाकडून मागे. तडा मधोमध गेला की मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग ते जुळत नाही, कधी कधी तो तुकडा मरतोही. हाड मरतं म्हणजे काय ते डॉक्टरांनाच समजावून सांगू द्या, मी इथे घाबरवत बसत नाही.

आणि एक महत्त्वाचं: पहिल्या एक्स-रेमध्ये हा तडा न दिसणं अगदी नेहमीचं आहे. ‘एक्स-रे क्लिअर’ ऐकून बॅगकडे धावू नका.

तडाच आहे असं मी म्हणत नाहीये. नसेल तर उत्तमच.

आळशी कासव

अरे बापरे. मला वाटायचं बॉक्सरचं हाड मोडतं ते करंगळीकडचं.

हाडं_मोजणारा

तेही खरं. तळहाताच्या पाचव्या, म्हणजे करंगळीमागच्या हाडाची मान मोडते, त्याला नावच ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’. गंमत अशी की ते तयार बॉक्सरांपेक्षा भिंतीवर किंवा कुणाच्या तरी डोक्यावर राग काढणाऱ्यांमध्ये जास्त दिसतं. तर्जनी आणि मधल्या बोटामागची हाडं मनगटाशी जवळजवळ घट्ट जोडलेली असतात, अनामिका आणि करंगळीमागची हलतात. मुठीने चमचा धरून बघा, करंगळीकडची बाजू कशी आत येते. म्हणून ठोसा पहिल्या दोन पेरांवर यायला हवा. हूक बाहेरून फेकला की तो शेवटच्या दोनवर येतो. आणि हात मागे दुमडला गेला तर सगळा जोर अंगठ्याकडच्या बाजूने मनगटात जातो. पट्टी हे कमी करते, थांबवत नाही. चुकीच्या कोनात मारलेला ठोसा बांधलेल्या हातानेही चुकीचाच.

बादलीवाला

शेवटचं वाक्य माझ्या सगळ्या पोरांना पाठवतो.

पिल्लाची_आई

इथे विचारू का? मुलगा नऊ वर्षांचा आहे, नुकताच जायला लागलाय. क्लासमध्ये सगळ्या मुलांचे रॅप एकाच टोपलीत असतात. ज्याच्या हाताला जो येईल तो. परवा एका मुलाच्या मनगटावर गोल लालसर चट्टा दिसला. मी उगाच काळजी करतेय का?

डावखुरी

ताई, अजिबात उगाच नाही. गोल, कडेने लालसर आणि मधे फिकट असा चट्टा म्हणजे गजकर्ण असू शकतं. ते घामट कापडातून अगदी आरामात पसरतं. पेरांची साल निघालेली असेल तर बॅक्टेरियाचंही भय. त्या मुलाच्या आईवडिलांच्या आणि सरांच्या कानावर घाला, टोपलीतलं सगळं धुवायला लावा. तुमच्या पिल्लाला स्वतःचे दोन जोड द्या, १०८ इंची पुरतील, आणि टोकाला नाव लिहा. नऊ वर्षांच्या मुलाला फुल्याबिल्या नीट जमणार नाहीत, सुरुवातीला तुम्हीच बांधून द्या.

@उशिरा_आलेला, सामाईक पेटी तुमचीही बंद. हे मी सांगणारच होते, हाडाच्या गडबडीत राहिलं.

पिल्लाची_आई

आभार! आणि धुवायचे कसे? मशीनमध्ये टाकले तर दोन मीटरचा गुंता होऊन बाहेर आला, त्यात माझी ओढणीही अडकली.

डावखुरी

हाहा, हे सगळ्यांचं एकदा होतं. वेल्क्रो उघडा राहिला की तो मशीनमधल्या प्रत्येक कपड्याशी सोयरीक जुळवतो. वेल्क्रो त्याच्याच मऊ बाजूवर बंद करायचा, दोन्ही पट्ट्या जाळीच्या पिशवीत घालायच्या, पिशवी बांधून मशीनमध्ये. थंड किंवा कोमट पाणी. इलॅस्टिकवाल्यांना कडक गरम पाणी, ब्लीच, ड्रायर, काहीही दाखवायचं नाही. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य तर मुळीच नाही. त्याचा थर कापडावर बसतो, पट्टी घाम शोषेनाशी होते. नवे रंगीत रॅप पहिल्या दोनतीन वेळा वेगळे धुवा. माझ्या लाल रॅपनी एकदा सगळे पांढरे मोजे गुलाबी केले होते.

वाळवताना लांब सोडून टांगायचे, घडी घालून नाही. दुमडलेल्या भागात ओल राहते आणि तो वास परत येतो.

आळशी कासव

वासाच्या बाबतीत मी तज्ज्ञ आहे. एकदा रॅप ग्लव्हमध्ये कोंबून, ग्लव्ह बॅगेत, बॅग गाडीच्या डिकीत. नऊ दिवस. उघडल्यावर शेजारची गाडीही दचकली असेल.

तरी ते वाचले. पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवले, मग नेहमीसारखे धुतले, दिवसभर उन्हात. वाचले म्हणजे वास गेला. ग्लव्ह मात्र गेले ते गेलेच.

शिनगार्ड

म्हणूनच दोन जोड. एक हातावर, एक दोरीवर. आणि क्लासहून आल्या आल्या बॅगेतून बाहेर. धुवायला वेळ नसेल तर निदान पसरून ठेवा.

उशिरा_आलेला

आज जाऊन आलो. एक्स-रे क्लिअर! तरी डॉक्टरांनी अंगठ्यासकट मनगटाचा पट्टा घालायला दिला आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. क्लासमधला एकजण म्हणाला की एक्स-रे साफ आहे तर हलकं मारायला काय हरकत. मलाही तसंच वाटतंय.

हाडं_मोजणारा

हरकत आहे. वर काय लिहिलं होतं ते परत वाचा. डॉक्टरांनी पट्टा हौसेने दिलेला नाही. तडा असेल तर दहा-चौदा दिवसांत त्याच्या कडांवरचं हाड थोडं विरघळतं आणि मग तो एक्स-रेत दिसतो, म्हणून परत बोलावतात. तोवर उजव्या हाताने काही मारू नका. डाव्या हाताने जॅबचा (पुढच्या हाताने मारायच्या सरळ ठोशाचा) सराव करा, पायांचं काम करा.

बादलीवाला

पायांचं काम करा म्हटलं की सगळे नाकं मुरडतात. आणि हात मोडला की तेच उरतं.

तोवर एक किस्सा. २४ जानेवारी २००९, लॉस एंजेलिस, अँटोनियो मार्गारिटो विरुद्ध शेन मोस्ली, व्यावसायिक बॉक्सरांची लढत. व्यावसायिक लढतीत गॉझ आणि चिकटपट्टीने हात बांधतात, तेव्हा समोरच्या गोटाचा माणूस ड्रेसिंग रूममध्ये बघायला बसतो. मोस्लीच्या बाजूने नाझीम रिचर्डसन बसले होते. त्यांना मार्गारिटोच्या बांधलेल्या हातातली गादी कडक वाटली. हट्ट धरून पट्ट्या सोडायला लावल्या, आत प्लॅस्टरसारखा पदार्थ लागलेलं पॅड निघालं. हात परत बांधले, मोस्लीने नवव्या राउंडमध्ये सामना संपवला आणि कॅलिफोर्नियाच्या आयोगाने मार्गारिटोचा परवाना रद्द केला. १९८३ मध्ये लुईस रेस्टोशी लढलेल्या बिली कॉलिन्स या बॉक्सरचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. रेस्टोच्या ग्लव्हमधलं भरण काढलेलं होतं, आणि पट्ट्याही प्लॅस्टरमध्ये भिजवल्या होत्या असं त्याने पुढे स्वतःच कबूल केलं. कॉलिन्स नंतर कधी लढू शकला नाही.

मी पोरांचे हात बांधताना समोरच्या गोटातला कुणी आला नाही तर मलाच करमायचं नाही.

शिनगार्ड

+१. काका, असे किस्से असतील तर वेगळा धागा काढा.

याच विषयावर: रोममध्ये १८८५ साली सापडलेला ब्राँझचा बसलेला मुष्टियोद्धा आहे ना, त्याच्या हातावरच्या चामड्याच्या पट्ट्या बघा. मनगटाच्या पुढे कोपराच्या दिशेने बरंच वर बांधलंय. चेहऱ्यावरच्या जखमा बघितल्या की त्या पट्ट्या मारणाऱ्याच्या सोयीसाठी होत्या हे लगेच कळतं.

आळशी कासव

रॅप फेकायचे कधी? माझे सुती वाले सहा वर्षांचे आहेत. (हो, जेलच्या आधी माझ्याकडेही होते.)

डावखुरी

वर्षांवर जाऊ नका. ताणून सोडल्यावर पट्टी परत आखडत नसेल, कडा सुटून धागे बोटांत अडकत असतील, किंवा वेल्क्रो राउंडच्या मध्येच सुटत असेल, तर झालं. वेल्क्रोत नुसते केस आणि धागे अडकले असतील तर आधी जुन्या टूथब्रशने साफ करून बघा, बरेचदा तो परत धरतो. फेकलेल्या सुती पट्ट्या बाइक पुसायला झकास.

उशिरा_आलेला

तेरा दिवसांनी दुसरा एक्स-रे. तडा आहे. मधोमध, पण जागेवरून हललेला नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया नाही. अंगठ्यासकट प्लॅस्टर, सध्या सहा आठवडे, पुढचं तेव्हा बघून.

@हाडं_मोजणारा, डॉक्टरांना तुमचं बोलणं सांगितलं. ते म्हणाले, त्या माणसाला माझा नमस्कार सांगा. सांगितला.

त्या दोन आठवड्यांत मी खरंच ‘हलकं’ मारायला जाणार होतो. बॅग भरून दारात ठेवली होती.

हाडं_मोजणारा

नमस्कार पोचला. बोटं आणि कोपर हलवत राहा, प्लॅस्टर ओलं करू नका. निघाल्यावर मनगट ताठरलेलं असेल, तेव्हा आधी हालचाल, मग ताकद, मग बॅग. हाड जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिसरी पायरी नाही.

पिल्लाची_आई

लवकर बरे व्हा! आमच्याकडे टोपली बंद झाली. सरांनी प्रत्येकाला स्वतःचे आणायला सांगितले. चट्टेवाल्या मुलाचं गजकर्णच निघालं, औषध चालू आहे.

उशिरा_आलेला

वा, निदान कुणाचं तरी भलं झालं.

दरम्यान १८० इंची, ताणणारे, दोन जोड येऊन पडलेत. ऑर्डर आधीच दिली होती. हात नाही तर निदान गुंडाळीचा सराव करावा म्हणून काल बसलो. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून ताण धरला आणि डाव्या हाताने मांडीवर गुंडाळत आणलं. वीस मिनिटं लागली, पण चारही एकदम सुबक, दंडगोलासारख्या झाल्यात. फोटो टाकतो.

डावखुरी

छान! वेल्क्रोच्या टोकापासून सुरुवात केलीत ना? म्हणजे बांधायला घेताना लूप बाहेर येतो.

उशिरा_आलेला

...

उशिरा_आलेला

चारही.